पाहणीचा दिवस

"भिंतीला टेकू नका, रंग ओला आहे," ती मुलगी म्हणाली.

तोवर अप्पांच्या सदऱ्याला कोपरापासून खांद्यापर्यंत पिवळा पट्टा लागून गेला होता. त्यांनी तो पाहिला, रुमालाने पुसायला गेले आणि रंग आणखी पसरला. एरवी सदऱ्याला डाग पडला तर दिवसभर चिडचिड करणारा माणूस, पण त्या दिवशी हसले.

"रंग देतायत म्हणजे कॉलेज जिवंत आहे," ते मला म्हणाले. "पुण्याच्या त्या कॉलेजात नुसत्या काचा. हे बघ, दगडी काम आहे. आमच्या वेळेला याच जिन्यावर बसून आम्ही गणितं सोडवायचो."

मुलीने अप्पांकडे एकदा पाहिलं, मग माझ्याकडे. तिच्या गळ्यात ओळखपत्र होतं: दीक्षा साळवे, तृतीय वर्ष, विद्युत अभियांत्रिकी. गणवेशाला इतकी कडक इस्त्री होती की तो पहिल्यांदाच घातल्यासारखा वाटत होता.

"प्रवेशासाठी आलात?" तिने विचारलं.

"हो. पहिल्या फेरीत इथं नंबर लागलाय," मी म्हणाले. "पण अजून ठरलं नाही."

"आजच बघायला आलात?" म्हणत तिने कार्यालयाकडे नजर टाकली. "या. मी दाखवते."

माझं नाव रोहिणी पौळ. आमचं गाव तालुक्याचं. अप्पा, माझे वडील, तिथल्या सूतगिरणीत विजेच्या खात्यात होते. त्यांनी तरुणपणी या सरकारी कॉलेजात दोन वर्षं काढली होती. आजोबा गेले, शेतीकडे बघायला कुणी नव्हतं, म्हणून तिसऱ्या वर्षाला न बसताच ते घरी परतले. त्या दोन वर्षांवर ते उरलेलं आयुष्य बोलत आले. कुठले सर कसे शिकवायचे, प्रयोगशाळेतली जर्मन यंत्रं कशी घुमायची, मेसमधल्या पिठल्याला कशी चव होती, हे सगळं मला तोंडपाठ होतं. आईला मात्र मला पुण्याला पाठवायचं होतं. तिथे मामा राहायचा. त्याने एक खासगी कॉलेज बघून ठेवलं होतं आणि मलाही तेच हवं होतं. सरकारी कॉलेजांचं काही खरं राहिलं नाही, असं गावात सगळेच म्हणायचे. कुणी सांगायचं मास्तर नाहीत, कुणी सांगायचं वसतिगृहात पाणी नाही. अप्पांना हे ऐकवत नसे.

शेवटी ते म्हणाले होते, "एकदा डोळ्यांनी बघ. नाही आवडलं तर पुण्याला जा, माझा शब्द. पण बघायला बुधवारीच जायचं."

बुधवारच का, हे मी विचारलं नाही. त्यांची गिरणीची सुट्टी बुधवारी असायची.

आणि खरं सांगायचं तर कॉलेज बघून मी चकित झाले. पोर्चमध्ये कुंड्यांची रांग, फरशा पुसून लख्ख, प्रत्येक खोलीत ट्यूबलाइट. दारांवर प्राध्यापकांच्या नावांच्या पाट्या. वर्गात डोकावलं तर फळ्यासमोर सर उभे, मुलं ओळीने बसलेली. अप्पा माझ्याआधी प्रत्येक दारात जाऊन उभे राहायचे आणि मागे वळून माझा चेहरा बघायचे.

फक्त एक गोष्ट मला खटकत होती, आणि ती काय हे कळायला वेळ लागला. एवढ्या मुलांमध्ये कुणी हसत नव्हतं. जिन्यात घोळका नव्हता, कुणी कुणाला हाक मारत नव्हतं. वर्गातली मुलं आमच्याकडे बघायची, दीक्षाकडे बघायची आणि पुन्हा मान खाली घालायची. आजारी माणूस घरात असला की पोरं जशी बसतात, तशी.

तेवढ्यात समोरून एक सर घाईघाईने आले. हातात खडू होता.

"मुली, दुसऱ्या मजल्याचा जिना कुठाय गं?" त्यांनी मलाच विचारलं.

मी नवीन आहे म्हणायच्या आत दीक्षाने बोट दाखवलं. "तिकडे सर. पण वर जायचं नाहीये. वर बंद आहे."

"बरं झालं सांगितलंस," म्हणत ते परत फिरले.

"ते नवीन आहेत का?" मी विचारलं.

"हो," ती म्हणाली. "नवीनच."

वरच्या मजल्यावरून कबुतरांचा आवाज येत होता. एकदोन कबुतरांचा नव्हे. एखाद्या धान्याच्या गोदामात येतो तसा, भरगच्च, घुटघुटता आवाज. जिन्याच्या तोंडाशी एक मोठं लाकडी कपाट आडवं लावलेलं होतं.

"वर काय आहे?" अप्पांनी विचारलं नाही, मी विचारलं.

"आमचे वर्ग होते," दीक्षा म्हणाली आणि पुढे चालू लागली.

यंत्रांच्या प्रयोगशाळेत आम्हाला नसरीन देशमुख मॅडम भेटल्या. चाळिशीच्या असतील. सुती साडी, केसांचा घट्ट अंबाडा, चष्मा कपाळावर सरकवलेला. टेबलावर साधा घरगुती पंखा होता, त्याची जाळी काढून ठेवलेली. समोर चारपाच मुलं. आम्ही दारात उभे राहिलो तर त्यांनी मला आत बोलावलं.

"नवीन प्रवेश? ये. या पंख्याचा कंडेन्सर मी काढून टाकलाय. आता बटन दाबलं तर काय होईल?"

"फिरणार नाही," मी म्हणाले. "नुसता गुणगुणेल." आमच्या घरातला पंखा असाच व्हायचा.

त्यांनी बटन दाबलं. पंखा गुणगुणत राहिला, पाती जागची हलेनात.

"आता मी याला काडीने ढकलते. कुठल्या बाजूला फिरेल?"

मी विचार केला. घरी अप्पा पंख्याला काडीने ढकलायचे ते आठवलं. एकदा उलट ढकलला होता तेव्हा वारा मागे जात होता, भिंतीवरचं कॅलेंडर फडफडलं होतं.

"ज्या बाजूला ढकलाल त्या बाजूला."

"दोन्हीकडे?"

"दोन्हीकडे."

"का?"

ते मला सांगता आलं नाही. मॅडमनी खडू घेतला आणि फळ्यावर दोन बाण काढले, एक या दिशेचा, एक त्या दिशेचा. दोन सारख्या ताकदीची माणसं एक दोरी दोन बाजूंनी ओढतायत, दोरी जागची हलत नाही, पण कुणी नुसतं बोट लावलं तर बघ, असं सांगत सांगत त्या मोटरच्या पोटातल्या चुंबकत्वापर्यंत मला घेऊन गेल्या. दहा मिनिटं झाली असतील नसतील. शाळेत, शिकवणीत, कुठेही मला असं कुणी शिकवलं नव्हतं. मला आतून काहीतरी उघडल्यासारखं झालं. पुणं, मामा, काचेची इमारत, सगळं त्या दहा मिनिटांत मागे पडलं.

"मॅडम, पहिल्या वर्षाला तुम्ही असता का?" मी विचारलं.

त्यांनी पंख्याचं बटन बंद केलं आणि मागे उभ्या असलेल्या मुलांकडे पाहिलं. दीक्षा खिडकीबाहेर बघत होती.

"चांगलं शिक," मॅडम म्हणाल्या. "कुठेही असलीस तरी."

बाहेर आल्यावर मी अप्पांना म्हणाले, "मला इथंच यायचंय."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग मान दुसरीकडे वळवली. मला वाटलं, आनंदाने.

आम्ही प्रवेशाच्या खिडकीकडे निघालो. अप्पा म्हणाले, तू इथं सावलीत थांब, मी कागद तपासून घेतो. मी कार्यालयाच्या मागच्या बाजूला नळ शोधत गेले. नळ होता, पाणी नव्हतं. तिथल्या खिडकीतून आतलं बोलणं ऐकू येत होतं. कार्यालयाचे अधीक्षक कुलथे अप्पांच्या बरोबरचे, अप्पा शिकायला असताना ते तिथे कारकून म्हणून लागले होते. त्यांचं नाव मी घरी पुष्कळदा ऐकलं होतं.

"काय पौळ, म्हणलं होतं ना, बुधवारीच आण पोरीला," कुलथे हसत म्हणाले. "आवडलं का?"

"आवडलं," अप्पांचा आवाज.

"मग भरून टाक लगेच. चार वाजता गाडी सुटायचीय. त्यानंतर तिला इथं फिरू देऊ नको."

मी रिकाम्या नळाखाली हात धरून तशीच उभी होते.

मला पहिली आठवण मॅडमची झाली. मी प्रयोगशाळेकडे पळत गेले. त्या एकट्याच होत्या, डबा उघडून बसल्या होत्या.

"मॅडम, चार वाजता कुठली गाडी सुटणार आहे?"

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. उठून दार लोटलं.

"आमची," त्या म्हणाल्या. "आम्ही सतरा-अठरा जण आहोत. कुणी नांदेडकडचे, कुणी जळगावकडचे. मी अमरावतीहून आले काल. आज इथे पाहणी आहे. दिल्लीची मान्यता टिकवायची तर शिक्षक दाखवावे लागतात. मग वरून आदेश येतो, दोन दिवस अमुक ठिकाणी हजर व्हा."

"आणि इथले शिक्षक?"

"तुमच्या विद्युत शाखेत इथे एकच कायम माणूस आहे. ते मार्चमध्ये निवृत्त होतील. सरकारकडे पैसा नाही म्हणून पदं गोठवलीत. माणूस निवृत्त झाला की त्याची खुर्चीही निवृत्त होते. मग तासावर नेमलेली पोरं येतात, सहासहा महिने मानधन मिळत नाही, ती निघून जातात." त्यांनी मागच्या यंत्रांकडे बोट दाखवलं. "मोठी यंत्रं पण बघितलीस ना? त्यातली निम्मी आमच्याबरोबर आलीत. टेम्पोतून."

"मग मी येऊ का नको?"

हा प्रश्न कुणीतरी विचारणार याची त्या सकाळपासून वाट बघत असाव्यात. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"नको म्हटलं तर ह्या कॉलेजाचा घात होतो. ये म्हटलं तर तुझा. मला दोन्ही सांगता येत नाही गं."

दाराबाहेर दीक्षा उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. मी बाहेर येताच तिने माझा दंड धरला आणि मला कोपऱ्यात नेलं.

"कुणाला बोलू नकोस. पाया पडते तुझ्या. समितीतले लोक फिरतायत. मान्यता गेली तर आमचं काय? मी तिसऱ्या वर्षाला आहे. माझी आई बीडहून ऊसतोडीला जाते. मला दुसऱ्या कॉलेजात कोण घेणार? आम्ही तीन दिवस रंग देतोय, फरशा घासतोय. आम्ही स्वतः."

तिच्या नखांत पिवळा रंग होता.

अप्पा पोर्चच्या पायरीवर बसले होते. कागदांची पिशवी मांडीवर. मला बघून उठले, माझा चेहरा पाहिला आणि पुन्हा खाली बसले.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले.

त्यांनी पिशवीतले कागद पुन्हा सारखे केले. समोरच्या झाडाखाली भाड्याचा जनरेटर धडधडत होता. सकाळपासून तो आवाज मी ऐकत होते आणि त्याचा अर्थ आत्ता कळत होता. कॉलेजातली वीजसुद्धा आणलेली होती.

"अप्पा."

"मी गेल्या महिन्यात येऊन गेलो," ते म्हणाले. "तुझ्या आईला सांगितलं, गिरणीच्या कामाला चाललोय. इथं आलो तर आमच्या वर्गात कबुतरं. बाकावर ही एवढी घाण. यंत्रांवर गोणपाट टाकलेलं, गोणपाट उचललं तर आत उंदराचं घर. मी तिथंच बसलो, रोहिणी. किती वेळ बसलो ते मला माहीत नाही. कुलथ्यानं मला चहा दिला आणि म्हणाला, बुधवारी पाहणी आहे, त्या दिवशी आण."

"पण का? तुम्ही शब्द दिला होता, नाही आवडलं तर पुण्याला."

"तेच तर," ते म्हणाले. "शब्द देऊन बसलो होतो. पुण्याला पाठवायची माझी ताकद नव्हती. गिरणी दिवाळीपर्यंत चालेल असं वाटत नाही. तुला इथंच यावं लागणार होतं. मग म्हटलं, रडत यायच्याऐवजी हौसेनं ये. निदान एक दिवस तरी तू ते कॉलेज बघ, जे मी बघितलं होतं."

मला त्यांचा इतका राग आला होता की मी त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिले. आणि नेमकी तेव्हाच समिती पोर्चमध्ये आली.

तिघे होते. मागे प्राचार्य, कुलथे, आणखी दोनतीन जण. कॉरिडॉरच्या टोकाला दीक्षा आणि तिच्या वर्गातली मुलं. समितीतले सगळ्यात वयस्कर गृहस्थ, पांढऱ्या केसांचे, माझ्यापाशी थांबले. माझ्या अंगावर गणवेश नव्हता, म्हणूनच असेल.

"तू इथली नाहीस का?"

"प्रवेशासाठी आले आहे, सर."

"अरे वा. मग आम्ही तुलाच विचारतो. आमच्यासारखीच तूही आज पाहणीला आलीस." मागचे सगळे हसले. "सांग बरं, कसं वाटलं कॉलेज?"

हसणं थांबलं. जनरेटरचा आवाज तेवढा राहिला. प्राचार्यांनी रुमाल काढून मानेवरून फिरवला. कुलथे अप्पांकडे बघत होते आणि अप्पा जमिनीकडे. दीक्षाने डोळे मिटून घेतलेले मला इतक्या लांबूनही दिसले.

मला खोटं बोलायचं नव्हतं. आणि खरं बोलायला माझी जीभ उचलत नव्हती. मी म्हणाले, "सर, तुम्ही उद्या परत याल का?"

प्राचार्य काहीतरी बोलायला पुढे झाले, पण त्या वृद्ध सरांनी हात किंचित वर करून त्यांना थांबवलं. ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, राग नव्हता. मला वाटलं होतं त्यांना धक्का बसेल, ते विचारतील, का, उद्या काय आहे? त्यांनी काहीच विचारलं नाही.

"उद्या मला माझ्या कॉलेजात असायला हवं," ते सावकाश म्हणाले. "तेही सरकारीच आहे. पुढच्या आठवड्यात आमच्याकडे पाहणी आहे. आम्हालाही माणसं गोळा करायचीत."

मग ते प्राचार्यांकडे वळून म्हणाले, "चला. सह्या कुठे करायच्या?"

ते सगळे आत गेले. मी अप्पांच्या शेजारी पायरीवर बसले. मी एकटीच फसले होते. बघायला आलेल्यांनाही माहीत होतं, दाखवणाऱ्यांनाही माहीत होतं, आणि ज्यांनी दूर मुंबईत बसून पदं गोठवली त्यांना तर सगळ्यात आधी माहीत होतं. मला आयुष्यात इतकी भीती कधी वाटली नव्हती. चोर असता तर आरडाओरडा करता आला असता. इथे कुणी चोरच नव्हता.

"घरी जाऊ," अप्पा म्हणाले. "मी बघतो काहीतरी. गिरणीतल्या सोसायटीत विचारतो. तुझ्या मामाला विचारतो."

ते विचारणार होते हे मला माहीत होतं, आणि त्यांना काय उत्तर मिळणार होतं हेही. मी त्यांच्या मांडीवरची पिशवी घेतली आणि खिडकीपाशी गेले. प्रवेश मी स्वतः घेतला. का घेतला, याचं उत्तर मी पुढे वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळं दिलं. माझ्यामागे रांगेत कुणीच नव्हतं, एवढं आठवतं.

चारला गाडी निघाली. खिडकीत देशमुख मॅडम होत्या. त्यांनी मला पाहिलं, हात वर केला नाही, पण गाडी वळेपर्यंत मान वळवून बघत राहिल्या. मग टेम्पो आला. यंत्रं चढवली, कुंड्या चढवल्या. सगळ्यात शेवटी जनरेटर बंद झाला आणि त्या लांबलचक इमारतीतले दिवे एकदम गेले. भर दिवसा आतले सगळे दरवाजे काळे दिसू लागले. कपाट बाजूला सरकवल्याचा आवाज आला, आणि कबुतरं जिन्यावरून खाली उतरू लागली, उडत नव्हे, चालत, एकेक पायरी.

अहवाल चांगला गेला. शाखेची मान्यता टिकली. ती नंतर गेली, आमची तुकडी बाहेर पडल्यावर दुसऱ्या वर्षी. पाहणीसाठी आणायला इतर कॉलेजांतही माणसं उरली नव्हती तेव्हा. दीक्षा पास झाली आणि महावितरणमध्ये लागली. गिरणी दिवाळीच्या आधीच बंद पडली.

पहिल्या दिवशी आम्ही वर्गात बसून राहिलो. साडेदहाचा तास, कुणी आलं नाही. साडेअकराचा, कुणी आलं नाही. दुपारी एक शिपाई येऊन हजेरी घेऊन गेला. संध्याकाळी मी चौकातल्या बूथवरून गावी शेजारच्या दुकानात फोन लावला. दुकानदाराने अप्पांना हाक मारली. ते धावत आले असावेत, त्यांना धाप लागली होती.

"कसा गेला दिवस?" त्यांनी विचारलं.

"छान गेला," मी म्हणाले. "तीन तास झाले."

फोन तुटला असं वाटून मी हॅलो, हॅलो केलं.

"आहे, आहे," अप्पा म्हणाले. "शिकवायला कोण होतं?"

"देशमुख मॅडम."

"हां," ते म्हणाले. "चांगल्या शिकवतात त्या."